तीन हजार कडक भाकरी

इंदापूर, रविवार, २५ मे

मनिषा,

सलाम लिहावा का नको, याचा चर्चमधली उपासना सुटल्यापासून विचार करतेय. सहा वर्षांत तू माझा सलाम घेतला नाहीस. तरी लिहिते. सलाम.

तू माझा नंबर तुझ्या फोनात बंद करून टाकलायस हे मला ठाऊक आहे. गुरुवारी ते वादळ तुमच्या किनाऱ्याला लागलं असं टीव्हीवर दाखवलं, तेव्हा मी शेजारणीच्या फोनवरून लावला. नऊ वेळा लावला. बाई इंग्रजीत काहीतरी बोलते आणि तुटतो. मग काल पोस्टात गेले. तिथला माणूस म्हणाला, तिकडची डाक बंद आहे, टाकलंत तरी महाडातच पडून राहील. म्हणजे हे पत्र कुणाच्या तरी हाती द्यावं लागणार. कुणाच्या, ते अजून ठरलं नाही.

तू गैरसमज करून घेऊ नकोस. मी पाय धरायला लिहीत नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. तू नर्सबाई, सरकारी दवाखान्यातली, पक्क्या भिंतीत बसलेली. तुला काय व्हायचंय. रणजितच्या होडीचं काय झालं हे मात्र मनात येतं. त्याला मी एकदाच पाहिला, नऊ वर्षांपूर्वी, तुम्ही देवळात लग्न लावून माझ्या दारात उभे राहिलात तेव्हा. चर्चच्या मंडळीनं तुझं नाव वहीतून काढलं ते पुढच्या महिन्यात. पण त्या दिवशी मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ते काही मंडळीनं सांगितलेलं नव्हतं.

आईच्या मातीचं म्हणशील तर त्यात माझा इलाज नव्हता. मी तेव्हाच तुला सांगितलं, मंडळीच्या पंचांपुढं एकट्या बाईचं काय चालतं. तो विषय आज नको.

आज उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, कोकणात लोक उघड्यावर आहेत, आपली बेचाळीस घरांची मंडळी काय करू शकते ते ठरवा. लगेच सुरू झालं. कुणी म्हणे जुने कपडे, कुणी म्हणे ज्वारीचं पीठ. रंगूबाई तुला आठवत असेल, आईची मैत्रीण, आता पार वाकलीय पण जीभ सरळ आहे. ती म्हणाली, "तितं चूल पेटायची न्हाय, आन पीठ पाठवून लोकांनी काय फक्क्या मारायच्या का?" सगळे हसले. मी उठून म्हटलं, कडक भाकरी करू. चूल लागत नाही, कालवण लागत नाही, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली की झालं. आपल्याकडं महिना महिना टिकते.

मोहनराव म्हणाले, "बेस हाय. किती करता?" मोहनराव एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले त्याला दहा वर्षं झाली, पण पंच म्हणून अजून बाकाबाकावर माणसं मोजतात. माझ्या तोंडातून गेलं, तीन हजार. उचलली जीभ लावली टाळ्याला. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. पण एकदा बोलले ते बोलले.

उद्यापासून चर्चच्या मागं चुली मांडतोय. मी हे तुझ्यासाठी करत नाही. कोकण केवढं मोठं आहे.

सारजाआक्का


इंदापूर, शुक्रवार, ३० मे

मनिषा,

आठशे राहिल्या. हाताला तव्याचे चटके, डोळे धुरानं लाल, आणि कंबर म्हणजे कुणी दुसऱ्याचीच. सात चुली पेटतात. जळणाला तुरकाट्या मोहनराव निमगाव केतकीहून घेऊन येतात. रंगूबाई परातीपुढं बसली की उठत नाही. तिची भाकरी अजून कागदासारखी पातळ होते. एका तरुण सुनेची जाड झाली तर म्हणाली, "ही भाकर हाय का जात्याची तळी?" ती सून रडायला लागली, मग रंगूबाईनंच तिचा हात धरून थापून दाखवलं.

तव्यावर भाजली की विस्तवाच्या कडेला उभी करायची, पाणी पार उडेपर्यंत. मग टोपल्यात. मी प्रत्येक भाकरी मोडून बघते, म्हणजे प्रत्येक नाही, पंचवीसातली एक. कडकन मोडली पाहिजे. आईनं आपल्याला असंच शिकवलं होतं. तुझी पहिली भाकरी तिनं शेजारच्या म्हशीला घातली होती आणि तू दिवसभर तिच्याशी बोलली नव्हतीस.

बारामतीच्या मंडळीनं तांदूळ, ताडपत्र्या आणि मेणबत्त्या दिल्यात. टेम्पो निमगावच्या माऊलीचा. तो आपल्यातला नाही, डाळिंबं वाहतो. मोहनरावांनी भाडं विचारलं तर म्हणाला, "डिझेल टाका, बाकी काय बोलू नगा. मला बी पुण्य लागतंयच की."

आता खरं सांगायचं ते सांगते. टेम्पो कुठं जाणार ते गेल्या सोमवारीच ठरलं होतं. तिकडच्या तालुक्याच्या गावी आपल्यासारखीच एक मंडळी आहे, त्यांच्या शाळेत सगळं उतरवायचं आणि त्यांनी वाटायचं. त्यांनी गावांची यादी पाठवली. मोहनरावांनी ती वाचून दाखवली तेव्हा मी पिठात हात घालून बसले होते. त्यात नांदवेळ नव्हतं. तुमचं बंदर तिथून बावीस किलोमीटर पुढं, रस्त्यावर झाडं पडलेली, तिथं ख्रिस्ती घर एकही नाही. कोण नाव घालणार.

मी गप्प बसले. चार दिवस गप्प बसले. मंडळीत कुणाला माहीतच नाही तू कुठं आहेस. मी सगळ्यांना सांगितलेलं, गुजरातकडं गेली, पत्ता देत नाही. आता एकदम नांदवेळ म्हटलं की पुढचं सगळं विचारणार. म्हणून थापत राहिले. म्हटलं, भाकरी पुऱ्या होईपर्यंत टेम्पो काही हलत नाही, तोवर बघू. टेम्पो खरं तर बुधवारीच निघू शकला असता, तांदूळ तयार होता. माझ्या तीन हजारासाठी थांबलाय.

काल टीव्हीवर नांदवेळ दाखवलं. अर्धं मिनिट दाखवलं असेल. दवाखान्याची पाटी ओळखू आली. वर पत्रे नव्हते, नुसते वासे.

आज सकाळी मी मोहनरावांना बाजूला घेतलं. म्हटलं, माझी मनिषा नांदवेळला असते, दवाखान्यात. ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "आगं, मग आठ दिस त्वांड शिवून का बसलीस?" त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तिथल्या तिथं माऊलीला फोन लावला आणि सांगितलं, निम्मा माल तालुक्याला उतरवायचा, निम्मा पुढं नांदवेळला न्यायचा. रस्ता नसला तर डोक्यावरून न्यायचा. मोहनराव स्वतः टेम्पोबरोबर निघालेत. सत्तरीच्या माणसाला मी नको म्हणायला पाहिजे होतं, पण म्हटलं नाही.

तेव्हा ही दोन्ही पत्रं तुला त्यांच्या हातून मिळतील. बुधवारी निघतायत.

तू बरी असलीस तर एवढंच कळव. बाकी नको कळवूस.

आक्का


इंदापूर, मंगळवार, ३ जून

मनिषा,

उद्या सकाळी टेम्पो निघेल. पोती शिवून झाली. बायका हात धुऊन घरी गेल्या आणि मी इथंच, विझलेल्या चुलीपाशी, दुपारची बसलेय. मोहनराव तुला भेटणार हे आता डोक्यात शिरलंय. इतके दिवस भाकरीच्या नादात शिरलं नव्हतं.

तू त्यांना विचारशील. तू काही सोडणारी नाहीस.

आई गेली त्या सकाळी मोहनराव घरी आले होते. दारातच म्हणाले, "मनिषाला कळीव. वहीत नाव असू दे नायतर नसू दे, आईला माती द्यायचा हक लेकीचा. ती येईस्तवर आपण थांबू. बरफ आणतो मी." मी म्हटलं, कळवलंय, ती येत नाही म्हणाली. मग चारला माती दिली.

तुला मी तिसऱ्या दिवशी फोन केला आणि सांगितलं, मोहनरावांनी बंदी घातली, मंडळीबाहेरच्या माणसानं कबरीपाशी उभं राहायचं नाही म्हणाले, म्हणून कळवलं नाही. दोन्हीकडं खोटं बोलले. चौथ्या दिवशी तू येऊन एकटी कबरीपाशी बसलीस, माझ्या घरी आली नाहीस, ते मी स्मशानाच्या फाटकातून पाहिलं.

का केलं, हे मी सहा वर्षांत स्वतःलासुद्धा धड सांगितलं नाही. आई अर्धांगानं चार महिने पडून होती. तिचं हगणं-मुतणं मी काढलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, ती मी बदलली. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, दुसरं कोण होतं करायला. तिचं तोंड वाकडं झालेलं, एकच शब्द नीट यायचा. मनी. मी भरवायला बसले की मनी. मी अंग पुसलं की मनी. तू दर रविवारी फोन करायचीस आणि मी सांगायचे, झोपलीय. ती जागी असायची. फोनकडं बघायची.

चार महिन्यांत तिनं माझं नाव एकदाही घेतलं नाही. मग ती गेली, आणि मला वाटलं, एक मूठ माती तरी माझ्या एकटीची असू दे.

हे असं आहे. लिहिलं म्हणून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसंही काही झालं नाही. मला स्वतःची किळस येते.

तू आता तिकडं कशी आहेस ते ठाऊक नाही, त्यात हे तुझ्या हाती पडलं तर काय करशील. म्हणून हे पुडक्यात घालत नाही. पहिली दोनच देते. मोहनरावांना सांगायला हवं, तेही सांगत नाही. उद्या फार तर त्यांच्या धोतराला इस्त्री करून देईन, तेवढंच माझ्याच्यानं होईल.

सारजा


इंदापूर, मंगळवार, १० जून

प्रिय मनी,

काल मोहनरावांनी तुझी चिठ्ठी आणून दिली. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली. मी ती इतक्यांदा वाचली की पाठ झाली. "आक्का, रणजित गेला. वादळाच्या दिवशी होडी बांधायला गेला, तो सव्वीसला सापडला, तिकडं दूर. सगळं मी एकटीनं केलं. तुझी दोन्ही पत्रं वाचली. एवढी वर्षं मी तुझ्यावर उगाच राग धरला. त्या मोहनकाकांपुढं तू एकटी काय करणार होतीस. त्यांनी हात जोडले, मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. महिना झाला की पंधरा दिवसांची रजा घेऊन मी येते तुझ्याकडं, २९ तारखेला, सकाळच्या गाड्यांनी. आपण दोघीच राहिलो."

रणजितचं वाचलं. त्याला पाणी न विचारलेली बाई मी, मी काय बोलू.

तू ये. मधल्या खोलीतलं ज्वारीचं कणगं बाहेर काढलंय, खिडकीला जाळी मारून घेतली. तुला डासांचा त्रास व्हायचा ते लक्षात आहे. हवं तेवढं राहा. पंधरा दिवसांची रजा आहे म्हणालीस, त्यापुढंही बघू. चर्चला यायचं नसेल तर येऊ नकोस, कुणाला भेटायचं नसेल तर भेटू नकोस. मी आहे.

भाकरीचं कळलं. तालुक्याला दोन दिवस पावसात टेम्पो अडकला, आणि तुमच्या हवेत त्या आधी नरम पडल्या आणि मग हिरवी बुरशी धरली. तू शाळेमागं खड्डा काढून सगळ्या पुरायला लावल्यास. बरोबरच केलंस, लेकराबाळांना हगवण लागली असती. आम्हा कोरड्या मुलखातल्यांना काय कळणार. आपल्याकडं पावसाळ्यातसुद्धा भाकरी वाजते. तू एकदा फोनवर म्हणाली होतीस, आक्का, इथं पापड तळला की लगेच खावा लागतो. मी ते हसण्यावारी नेलं होतं. तांदूळ आणि ताडपत्र्या उपयोगी पडल्या हे ऐकून बरं वाटलं. रंगूबाईला मी अजून भाकरीचं सांगितलेलं नाही.

ये गं. वाट बघते.

तुझी आक्का


इंदापूर, सोमवार, १६ जून

मनिषा,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. एक हे, आणि एक ३ जूनचं, जे मी मोहनरावांबरोबर द्यायचं ते दिलं नाही. ते आधी वाच. मग हे.

वाचलंस ना. आता सांगते ते मला दहा तारखेच्या पत्रातच सांगायचं होतं, पण तुझी चिठ्ठी हातात होती आणि माझी छाती झाली नाही.

मोहनराव परत आले ते थेट माझ्या घरी. पाय सुजलेले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मी चहा ठेवला. ते म्हणाले, "सारजा, तुझ्या भनीनं मला इचारलं, आईच्या मातीला मला का येऊ दिलं न्हाय म्हून." मी भांड्याकडं बघत राहिले. चहा उतू गेला. म्हटलं, मग तुमी काय सांगितलं? ते म्हणाले, "म्हणलं, व्हय, चुकलं आमचं. हात जोडले."

मला वाटलं, आता हा माणूस मला फाडून खाणार. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. मीच ओरडले. का म्हणून तुमी असं बोललात, खरं सांगायचं होतंत, तुमचा काय गुन्हा? तर म्हणाले, "तिचा नवरा गेलाय. घराला पत्रा न्हाय. गुडघ्याएवढ्या चिखलात ती दुसऱ्यांच्या लेकरांना औषध देती. तिला आता एक भन हाय. ती बी मी काढून घिऊ का?"

चहा न पिताच गेले.

मी दुसऱ्याच दिवशी तुला ते गोड पत्र लिहिलं. कणगं काढलं, जाळी मारली, सगळं खरं आहे. आठ दिवस मी सुखात होते मनिषा, हे तुला कळलं पाहिजे. तू येणार म्हणून मी स्वयंपाक करताना गाणं म्हणत होते. मोहनरावांना तोंड मिटायचंच होतं, तुला कळायचं काही कारण नव्हतं. झाकली मूठ झाकलीच राहिली असती.

काल प्रभुभोजन होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, पण पाळकसाहेब पुण्याला होते म्हणून काल घेतलं. चाळीस वर्षं झाली, ताट फिरवायचं काम मोहनरावांचं. काल ते उठले नाहीत. ताट दुसऱ्या पंचांनी फिरवलं. मोहनरावांच्या बाकापाशी आलं तेव्हा त्यांनी हात मांडीवरच ठेवला आणि मान हलवली. तुला ठाऊक आहे आपल्यात याचा अर्थ काय होतो. मनात पाप घेऊन मेजाला बसायचं नाही, ज्याचं त्यानं ओळखून बाजूला राहायचं. सगळ्या मंडळीनं पाहिलं. पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडं वळून बघायला लागल्या.

मग ताट माझ्याकडं आलं. आणि मी भाकर घेतली. खाल्ली. द्राक्षरसही घेतला. सगळ्यांच्या देखत मी तोंड पुसलं.

बाहेर हातपंपापाशी रंगूबाईनं त्यांना धरलं. "म्हाताऱ्या, काय केलंस रं तू?" ते म्हणाले, "खोटं बोललो एका बाईशी." रंगूबाई हसून म्हणाली, "या वयात?" तेही हसले. बायका आता घरोघर तेच बोलतायत. कोण बाई, कसलं खोटं.

मी त्यांच्या मागं गेले. म्हटलं, मी तिला खरं लिहिते. ते म्हणाले, "न्हाय. पत्र टाकू नगंस. मी म्हातारा माणूस, माझं काय जातंय? तुमी दोघी ऱ्हावा." मी म्हटलं, मग मेजाला बसा. "ते न्हाय जमायचं," म्हणाले.

म्हणजे मी गप्प बसले तर तो माणूस मरेपर्यंत त्या बाकावर मान हलवत बसणार, तू माझ्या घरात बसून त्याला शिव्या देणार, आणि मी तुम्हा दोघांना चहा करून देणार. मला ते जमलं असतं. मी तशी बाई आहे. चार महिने "झोपलीय" म्हणणारी बाई आहे. म्हणूनच हे आत्ता, लगेच लिहितेय, उद्यावर टाकलं तर टाकणार नाही.

दहा तारखेपासून डाक सुरू झालीय, ते गोड पत्रही तिनंच गेलं. स्पीड पोस्टानं टाकते. तुला चार-पाच दिवसांत मिळेल.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही, मागायला तोंड नाही. पण तू ये. मला शिव्या द्यायला ये, मी दारात उभी राहून ऐकेन. तुझं तिकडं कुणी नाही आणि माझं इथं कुणी नाही, हे काही माझ्या खोट्यानं बदललेलं नाही.

सारजा


इंदापूर, सोमवार, ३० जून

मनिषा,

काल मी स्टँडवर गेले होते.

तुझं उत्तर आलं नव्हतं. उत्तर नाही म्हणजे पत्र पोचलंच नसेल अशी मी समजूत घातली. आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून सांगते, ते पोचू नये अशी मी प्रार्थना केली. स्वतःच्या हातानं टाकलं आणि घरी येऊन गुडघे टेकून मागितलं, महाडातच पडून राहू दे.

नऊला गेले तर मोहनराव आधीच बाकड्यावर बसलेले. रविवार असून उपासनेला गेले नव्हते, मीही नव्हते. म्हणाले, "मी तिच्या म्होरं येत न्हाय. ती उतरली की मागच्या अंगानं जातो. तुला एकटीला बसवंना म्हून आलो." स्वारगेटहून येणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्यांना अजून पाठ आहेत. साडेनवाची सोलापूर आली. तीतून दोन शेतकरी आणि एक नवरा-बायको उतरली. दहा-चाळीसची अक्कलकोट आली. तीत एक बाई होती, निळी साडी, तुझ्यासारखीच पुढं झुकलेली चाल. मी धावत गेले आणि तिच्या पिशवीला हात घातला. ती वळली आणि म्हणाली, "मावशी, पिशवी सोडा." मोहनरावांनी मला धरून परत बाकड्यावर आणलं.

साडेअकराची आली. पाऊण वाजताची आली.

मग त्यांनी विचारलं, "पत्र टाकलंस व्हय?"

"टाकलं."

"कवा?"

"सोळाला."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. "टाकू नगं म्हणलं हुतं," म्हणाले. रागानं नाही. मग ते बाकड्यावरून उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी, वडील ठेवतात तसा, आणि हळूहळू पाय ओढत गेले. मला त्यांच्या मागून हाक मारायची होती, पण काय म्हणून मारू.

मी बसले. दोनची गाडी, साडेतीनची गाडी. तू दुसऱ्या कुणाकडं गेली असशील का, हा विचार आला आणि लगेच गेला, कारण तुझं दुसरं कुणी नाही. तू तिथंच आहेस. वासे उघडे पडलेल्या त्या दवाखान्यात तू रजा रद्द करून कामावर गेली असणार. आणि मी लिहिलं नसतं तर काल दुपारी तू माझ्या ताटावर जेवली असतीस. हे मला आता रोज जेवताना आठवणार.

साडेचारची गाडी आली. सगळी माणसं उतरून गेली. कंडक्टर खाली आला, माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, कुठं जायाचं?"

मी म्हटलं, कुठं न्हाय, भनीला न्यायला आले होते.

"मग आली न्हाय का? फोन लावा की. गाडी चुकली आसंल."

मी म्हटलं, न्हाय, गाडी चुकली न्हाय. तिला सगळं कळलंय.

सारजा